ठाणे पडले, हे सांगायचे कोणी?

बुर्किना फासोच्या उत्तरेला, मालीच्या सीमेजवळ इनाता नावाचे ठिकाण आहे. तिथे सोन्याची खाण होती आणि त्याच भागात जंदार्मरीचे ठाणे. जंदार्मरी हे फ्रेंचांकडून वारशाने आलेले दल. काम पोलिसाचे, शिस्त लष्कराची. 12 नोव्हेंबर 2021 रोजी या ठाण्याच्या प्रमुखाने वरिष्ठांना कळवले की शिधा संपून दोन आठवडे झालेत आणि जवान आसपासची जनावरे मारून पोट भरताहेत. 14 तारखेला भल्या सकाळी मोटरसायकली आणि पिकअप गाड्यांवरून शेकडो जिहादी आले आणि त्यांनी ठाणे धुऊन काढले. सरकारने नंतर जाहीर केलेला आकडा 49 जंदार्म आणि 4 नागरिक असा होता.

ठाणी याआधीही पडली होती. या वेळी मात्र तो संदेश फुटला. मोबाइलवरून गावोगाव फिरला. लोक जेवढे माणसे मेल्याने हळहळले, त्याहून जास्त ती उपाशी मेली म्हणून भडकले. राजधानी वागादुगू आणि इतर शहरांत मोर्चे निघाले, सरकारने आठवडाभर मोबाइल इंटरनेट बंद ठेवून पाहिले, डिसेंबरात पंतप्रधानांचा राजीनामा झाला आणि 24 जानेवारी 2022 रोजी लेफ्टनंट कर्नल दामिबा यांनी राष्ट्राध्यक्ष काबोरे यांना हटवून सत्ता हाती घेतली. काबोरे निवडून आलेले होते. जवानांना वाऱ्यावर सोडणारे सरकार गेले, आता त्यांचे दुःख जाणणारे आले, असे म्हणत तरुण पोरे रस्त्यावर नाचली.

साहेलमधल्या या युद्धाबद्दल लिहिताना लोक बहुधा धर्मापासून सुरुवात करतात, नाहीतर फ्रान्सपासून, नाहीतर रशियापासून. या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण मला इनाताच्या त्या संदेशापासून सुरुवात करावीशी वाटते. माली, बुर्किना फासो आणि नायजर या तिन्ही देशांत आज जे लष्करशहा बसले आहेत, ते सगळे सैनिकांच्या नावाने आले. आणि सैनिकांची व्यथा राजधानीपर्यंत पोचण्याची जी एकुलती एक वाट होती, ती त्यांनीच बुजवून टाकली. इनाताचा संदेश आज लिहिला गेला तर तो फुटणार नाही, आणि फुटला तर छापणारा तुरुंगात जाईल किंवा थेट आघाडीवर. याला ही राजवट सुरक्षा म्हणते. मला वाटते, ठाण्यावरच्या जवानासाठी याहून धोकादायक गोष्ट दुसरी नाही.

थोडी पार्श्वभूमी. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा म्हणजे साहेल. 2011 साली लिबियात गद्दाफींची राजवट कोसळली, त्यांच्या फौजेतले तुआरेग या वाळवंटी जमातीचे लढवय्ये हत्यारांसह उत्तर मालीत परतले आणि जानेवारी 2012 मध्ये बंड सुरू झाले. बंड स्वतंत्र राष्ट्रासाठी होते. जिहादी गटांनी पाहता पाहता ते गिळले. 2013 मध्ये फ्रान्सने फौज उतरवून शहरे मोकळी केली, पण जिहादी संपले नाहीत, खेड्यांत पांगले. मार्च 2017 मध्ये चार गट एकत्र येऊन ‘जमात नुसरत अल-इस्लाम वल-मुस्लिमीन’ म्हणजे जेएनआयएम ही अल-कायदाची शाखा उभी राहिली. म्होरक्या इयाद अग घाली, मूळचा तुआरेग बंडखोर. मध्य मालीत तिची सूत्रे आमादू कूफा या धर्मोपदेशकाकडे. दुसरी संघटना इस्लामिक स्टेटची. या दोघींचे आपसांतही हाडवैर आहे. 2024 साली जगभरात दहशतवादाने जेवढे बळी घेतले त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या साहेलमधले होते, असे जागतिक दहशतवाद निर्देशांक सांगतो. बातम्यांत मात्र साहेल कोपऱ्यातही नसतो.

आता ठाण्याकडे वळू. हल्ल्याची रीत जवळपास ठरलेली आहे. पहाटेची वेळ, एकेका मोटरसायकलवर दोघे, मागे जड मशीनगन बसवलेल्या पिकअप गाड्या. आधी उखळी तोफांचा मारा, कधी स्फोटकांनी भरलेली गाडी दारावर, अलीकडे ड्रोनमधून टाकलेले बाँब. ठाणे म्हणजे तरी काय, मातीचा बांध, तारेचे कुंपण, काही तंबू, एक-दोन चिलखती गाड्या. मदत यायची तर शंभर-दीडशे किलोमीटरवरून, आणि रस्त्यात सुरुंग. काही तासांत ठाणे पडते, हल्लेखोर बंदुका, दारूगोळा, गाड्या भरून नेतात, उरलेले पेटवतात आणि सगळ्याचे चित्रीकरण करून निघून जातात. लुटलेली हत्यारे पुढच्या ठाण्यावर चालतात. या संघटनांकडची शस्त्रे आता मुख्यतः लिबियातून येत नाहीत, त्यांतली बरीचशी याच देशांच्या सैन्याकडून हिसकावलेली असतात. म्हणजे एक पडलेले ठाणे पुढचे ठाणे पाडायची तजवीज करून जाते.

दोनशे मोटरसायकली उघड्या माळरानावरून दडून येऊ शकत नाहीत. गुराखी पाहतो, विहिरीवरच्या बाया पाहतात, बाजारातला दुकानदार पेट्रोलची मागणी अचानक वाढलेली पाहतो. ठाण्याला खबर मात्र कोणी देत नाही. का देत नाही, यात या युद्धाचे निम्मे उत्तर आहे.

मध्य मालीत नायजर नदीचा अंतर्गत त्रिभुज प्रदेश आहे. पूर ओसरला की तिथे बुर्गू नावाचे पौष्टिक पाणगवत उघडे पडते आणि फुलानी पशुपालकांचे कळप त्यावर उतरतात. कुरणांचा परंपरागत हक्क ‘जोव्रो’ म्हटल्या जाणाऱ्या घराण्यांकडे. चराईचा मोबदला पूर्वी नाममात्र असे, पुढे तो वाढत गेला, त्यात अधिकाऱ्यांचा वाटा पडू लागला. वर वनरक्षकांचे दंड. आपल्याकडच्या धनगरांना फॉरेस्टवाल्यांचा जाच काय असतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. कूफाच्या माणसांनी या भागात जम बसवला तेव्हा त्यांनी नुसते कुराण शिकवले नाही. चराईचे दर खाली आणले, वनरक्षकांना हाकलले, तंट्यांचा निकाल चार दिवसांत आणि लाच न घेता दिला. पुढे याच माणसांनी शाळा बंद पाडल्या, बायकांवर निर्बंध लादले, न ऐकणाऱ्यांना मारले. त्यांना गरिबांचे कैवारी म्हणायची माझी मुळीच तयारी नाही. पण ज्या गावाने राज्यसंस्था फक्त दंडाच्या पावतीतून पाहिली, त्या गावाने ठाण्याला सावध का करावे?

त्यात सैन्याने आणि त्याच्या साथीदारांनी केलेली कत्तल. मार्च 2022 च्या अखेरीस मालीतल्या मुरा गावाला सैन्याने आणि रशियन वॅग्नर भाडोत्र्यांनी पाच दिवस वेढले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनुसार तिथे किमान 500 माणसे मारली गेली, त्यांतली बहुसंख्य पकडल्यानंतर गोळ्या घालून. फेब्रुवारी 2024 मध्ये बुर्किना फासोच्या नोंदँ आणि सोरो या दोन गावांत सैन्याने एका दिवसात 223 गावकरी मारल्याचे ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवले, त्यांत 56 मुले. फुलानी दिसला की जिहादी समजायचा, हे सूत्र झाले. मग त्या समाजातल्या ज्या पोराला बंदुकीचे काही देणेघेणे नव्हते, तोही एक दिवस मोटरसायकलवर बसतो. याची जबाबदारी एकट्या आफ्रिकी सैन्यांवर टाकून युरोपने हात झटकू नयेत. 3 जानेवारी 2021 रोजी मालीतल्या बुंती गावी फ्रेंच विमानांनी बाँब टाकले. ते लग्नाचे वऱ्हाड होते आणि 19 नागरिक मेले, असे संयुक्त राष्ट्रांनी तपासाअंती सांगितले. फ्रान्सने ते आजवर मान्य केलेले नाही.

तर गाव ठाण्याशी बोलत नाही. आता ठाणे राजधानीशी बोलते का ते पाहू. इथे एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो.

जानेवारी 2012, उत्तर मालीतले अगेल्होक ठाणे. दारूगोळा संपल्यावर ते पडले आणि पकडलेल्या अनेक सैनिकांना ठार करण्यात आले. राजधानीजवळच्या काती छावणीतल्या सैनिकांच्या बायका रस्त्यावर उतरल्या. मार्चमध्ये कॅप्टन सानोगो यांनी बंड करून राष्ट्राध्यक्षांना घालवले, कारण काय तर सरकार सैनिकांना लढायची साधने देत नाही. सैन्य राजधानीत सत्तेच्या वाटणीत गुंतले आणि 30 मार्चला किदाल, 31 मार्चला गाओ, 1 एप्रिलला टिम्बक्टू हातचे गेले. तीन दिवसांत अर्धा देश. दहा वर्षांनी बुर्किना फासोत इनातानंतर दामिबा आले. 26 सप्टेंबर 2022 रोजी वेढलेल्या जिबो शहराला धान्य घेऊन निघालेला ताफा गास्किंदेजवळ जाळला गेला. सरकारने आधी 11 सैनिक मेल्याचे सांगितले, पुढे आकडा वाढत गेला. चारच दिवसांनी कॅप्टन इब्राहिम त्राओरे यांनी दामिबांना हटवले, त्याच कारणासाठी, जवळपास त्याच भाषेत. ये रे माझ्या मागल्या.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे, नाहीतर हा लेख लोकशाहीची आरती होऊन बसेल. इनाताचे जवान लोकशाही सरकारच्या काळात उपाशी राहिले. मालीत निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष केइता यांनी 2014 साली सुमारे 4 कोटी डॉलरचे विमान घेतले, त्याच सुमारास लष्करी सामानाच्या खरेदीत असे घोळ निघाले की आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने कर्जाचे हप्ते रोखले. नायजरमध्ये 2020 च्या लेखापरीक्षणात संरक्षण खात्याच्या खरेदीत कोट्यवधी डॉलर गडप झाल्याचे दिसले. हे सगळे मते मागून आलेले लोक होते. तेव्हा त्राओरेंच्या बाजूने नाचणारी पोरे वेडी नव्हती. त्यांना जे दिसत होते ते खरेच सडलेले होते.

फरक दुसरीकडे आहे. नायजरच्या लेखापरीक्षणाबद्दल आपल्याला माहीत आहे, कारण ते झाले आणि बाहेर आले. केइतांच्या विमानावर मालीची राजधानी बामाकोच्या वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. मालीतल्या बुल्केसी या एकाच ठाण्याच्या दोन कहाण्या समोरासमोर ठेवून पाहा. 30 सप्टेंबर 2019 रोजी तिथे आणि शेजारच्या मोंदोरो इथे हल्ला झाला. सरकारने आधी 25 मृत सांगितले, मग 38. सैनिकांच्या बायकांनी बामाकोत निदर्शने केली, सरकारला शिव्या खाव्या लागल्या. 1 जून 2025 रोजी त्याच बुल्केसीवर जेएनआयएमने पुन्हा हल्ला केला. या वेळी सत्तेवर लष्करशहा जनरल गोइता. सैन्याच्या निवेदनात आकडाच नव्हता. बरेच जवान लढले, काहीजण शेवटच्या श्वासापर्यंत, एवढेच. ज्या घरातला मुलगा बुल्केसीला होता त्या घराने याचा काय अर्थ लावायचा? वृत्तसंस्थांनी आपापल्या खबऱ्यांकडून तीसहून अधिक मृतांचा अंदाज दिला. जेएनआयएमने आपल्या व्हिडिओत हवा तो आकडा दिला. बिनआकड्याचे राहिले ते फक्त मालीचे सरकार.

बुर्किना फासोत तर मौन कायद्यासारखे झाले आहे. 11 जून 2024 रोजी नायजरच्या सीमेलगतच्या मान्सिला ठाण्यावर हल्ला झाला. शंभराहून अधिक सैनिक मारल्याचा दावा जेएनआयएमने केला. सरकारने आकडा दिला नाही. या हल्ल्याच्या वार्तांकनावरून टीव्ही5 माँद ही फ्रेंच वाहिनी सहा महिन्यांसाठी बंद केली गेली. नोंदँ-सोरोचा अहवाल दाखवला म्हणून त्याआधी बीबीसी आणि व्हॉइस ऑफ अमेरिकावर बंदी आलीच होती. मार्च 2025 मध्ये देशातल्या पत्रकार संघटनेच्या अध्यक्षांना आणि त्यांच्या सहकाऱ्याला अटक झाली, कारण त्यांनी वृत्तस्वातंत्र्य उरले नसल्याचे जाहीरपणे सांगितले. काही दिवसांनी ते लष्करी गणवेशात एका व्हिडिओत दिसले. टीका करणाऱ्याला आघाडीवर पाठवायचे, ही या राजवटीची शिक्षा. तिच्या नजरेतून आघाडी म्हणजे काय, हेही यातून कळते. जे सरकार देशाचे रक्षण हा सर्वोच्च मान म्हणते, तेच त्याचा वापर काळ्या पाण्यासारखा करते.

युद्धात बातम्या दाबाव्याच लागतात, असे म्हणणारे भेटतात. आपल्याकडेही भेटतात, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही. तुकडी कुठून निघणार, ताफा कोणत्या वाटेने जाणार, हे गुप्त असलेच पाहिजे. शत्रूच्या व्हिडिओला सरकारी शिक्का मिळू नये, हेही खरे. पण मेलेल्यांची संख्या हे कोणते गुपित? ती शत्रूला ठाऊकच असते, प्रेतांच्या मधून तोच फिरलेला असतो. ती ठाऊक नसते फक्त स्वतःच्या लोकांना. मौनाने शत्रूचे काही बिघडत नाही, उलट खरे-खोटे सांगण्याचा मक्ता त्याच्याकडे जातो. साहेलमधल्या माणसाला आज आपल्या सैन्याचे काय झाले हे जाणून घ्यायचे असेल तर तो जिहाद्यांचा टेलिग्राम उघडतो. कोणत्याही सेनापतीला याहून मोठा पराभव शोधून सापडणार नाही.

आणि दुसरे असे की आकडा लपवला की त्याची कारणेही लपतात. हेलिकॉप्टर का आले नाही, बदली तुकडी का रखडली, दारूगोळा किती होता, हे प्रश्न विचारायला आधी हार झाली हे मान्य करावे लागते. नायजरमध्ये डिसेंबर 2019 मध्ये इनातेस इथे 71 आणि महिन्याभरात शिनेगोदार इथे 89 सैनिक मारले गेले. सरकारने दोन्ही आकडे जाहीर केले, दुखवटा पाळला आणि सैन्याचे वरिष्ठ अधिकारी बदलले. पुढे राष्ट्राध्यक्ष बाझूम यांनी लष्करी कारवाईच्या जोडीला बोलणीही चालवली, जिहाद्यांच्या काही म्होरक्यांकडे दूत पाठवले, काही कैदी सोडले. 2022 आणि 2023 च्या पूर्वार्धात नायजरची स्थिती शेजाऱ्यांपेक्षा बरी होती. जुलै 2023 मध्ये जनरल चियानी यांनी त्यांना कैद केले, कारण पुन्हा तेच, ढासळती सुरक्षा. त्यानंतर मोठे हल्ले वाढले. जून 2025 मध्ये एकट्या बानीबांगू इथे 34 सैनिक गेले.

नायजरचा आपल्याशी संबंध आहे, तोही सांगून टाकतो. राजधानी निआमेत भारताने बांधून दिलेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय परिषद केंद्र आहे, जानेवारी 2020 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मार्च 2025 मध्ये जनरल चियानी यांनी पाच वर्षांसाठी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती याच गांधींच्या नावाच्या सभागृहात. पण हा योगायोग सोडा. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातले पाच कामगार नायजरमधून पळवले गेले. 15 जुलैला दोसो भागात वीजवाहिनीच्या कामावर पहारा देणाऱ्या नायजरच्या सैन्य तुकडीवर हल्ला झाला, त्यात दोन भारतीय मारले गेले, एकाचे अपहरण झाले. 1 जुलैला मालीत कायेसच्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय उचलले गेले, नोव्हेंबरमध्ये कोब्रीजवळून आणखी पाच. ही माणसे तिथे खांब उभारायला, तारा ओढायला, भट्टी सांभाळायला गेलेली. ठेकेदाराने त्यांना सांगितलेले असते की काळजी नको, सैन्याचा पहारा आहे. त्या पहाऱ्याची खरी अवस्था काय, हे सांगणारी बातमी त्या देशात छापता येत नसेल, तर गिरिडीहच्या पोराने कशाच्या आधारावर विमानात बसायचे की नाही ते ठरवायचे?

अलीकडे यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपवर त्राओरेंच्या गौरवाचे व्हिडिओ आपल्याकडेही येऊ लागलेत. तरुण, देखणा, लाल टोपी, फ्रेंचांना हाकलणारा. काही व्हिडिओ तर उघडउघड कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले. वसाहतवाद भोगलेल्या देशातल्या माणसाला हे भावते, आणि फ्रान्सची हकालपट्टी मलाही अन्यायाची वाटत नाही. ज्या देशाने दहा वर्षे फौज ठेवून 58 सैनिक गमावले आणि तरीही युद्ध वाढतच गेले, त्याला जा म्हणण्याचा हक्क यजमानाला आहेच. पण पाहुणा गेला म्हणून घरातली आग विझत नाही. फ्रेंच सैन्य फेब्रुवारी 2023 मध्ये बुर्किना फासोतून गेले. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बार्सालोगो घडले.

बार्सालोगोबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. हे काया शहरापासून पन्नासेक किलोमीटरच्या आतले गाव. त्राओरेंनी हल्ल्यांपासून बचावासाठी गावांभोवती खंदक खणायची हाक दिली होती. 24 ऑगस्ट 2024 रोजी सैन्याने बार्सालोगोच्या गावकऱ्यांना खंदक खणायला गावाबाहेर नेले. जायला अनेकजण तयार नव्हते, उघड्यावर सैन्यासाठी राबताना दिसलो तर जिहादी आपल्याला सैन्याचेच समजतील, ही त्यांची भीती होती. ती खरी ठरली. मोटरसायकलवरून आलेल्यांनी खणत असलेल्या माणसांवर गोळ्या चालवल्या, माणसे आपणच खणलेल्या खंदकात आडवी झाली. ह्यूमन राइट्स वॉचने किमान 133 मृत मोजले, नातेवाइकांच्या संघटनेच्या मते सुमारे 400. सरकारने आकडा दिला नाही. जिहाद्यांनी मारले, यात शंका नाही, गुन्हेगार तेच. पण निःशस्त्र माणसांना सैन्याच्या कामाला कोणी उभे केले, हा प्रश्न विचारायला गावाकडे ना निवडून आलेला आमदार, ना वर्तमानपत्र, ना न्यायालय.

गावकऱ्यांच्या हाती बंदूक देण्याचे खूळ मात्र त्राओरेंचे नाही. जानेवारी 2020 मध्ये लोकशाही सरकारनेच ‘मातृभूमीच्या रक्षणाचे स्वयंसेवक’ असा कायदा केला. 14 दिवसांचे प्रशिक्षण आणि हाती बंदूक. त्राओरेंनी 50 हजार भरतीचे आवाहन केले, 90 हजारांनी नावे नोंदवली. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये सलवा जुडूमच्या नावाने हेच झाले होते. फरक इतकाच की भारतात काही माणसे न्यायालयात जाऊ शकली, आणि जुलै 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्धशिक्षित आदिवासी पोरांना विशेष पोलिस अधिकारी म्हणून लढाईत ढकलणे घटनाबाह्य ठरवले. निकालाची अंमलबजावणी कशी झाली, तो वेगळा आणि कडू विषय. तरी सरकारला कटघऱ्यात उभे राहावे लागले. वागादुगूत असा खटला कोण भरणार?

मग उपाय काय, असे विचारले जाते. निवडणुका घ्या आणि सगळे सुरळीत होईल, असे मी म्हणणार नाही. शेजारच्या आयव्हरी कोस्टकडे पाहावे. जून 2020 मध्ये काफोलो इथे तिथल्या सैन्यावर हल्ला झाला, डझनाहून अधिक जवान मेले. त्या सरकारने सीमेवर सैन्य वाढवले आणि सोबत उत्तरेतल्या तरुणांसाठी रोजगार-प्रशिक्षणाचा कार्यक्रमही आणला. गेली काही वर्षे तिथे मोठा हल्ला नाही. हा देश लोकशाहीचा आदर्श नव्हे, राष्ट्राध्यक्ष वातारा 2025 मध्ये चौथ्यांदा निवडून आले आणि त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी रिंगणाबाहेर ठेवले गेले होते. आयव्हरी कोस्टकडे पैसा जास्त आहे, हेही खरे. तरी सीमेवरच्या माणसाला दंडाच्या पावतीपलीकडे काहीतरी मिळाले पाहिजे, एवढे त्यांना कळले.

मालीत बोलणीचा रस्ता लोकांनीच सुचवला होता. 2017 आणि 2019 च्या राष्ट्रीय परिषदांत, जिहाद्यांमधल्या मालीच्याच माणसांशी बोला, असे ठराव झाले. फ्रान्सने नाक मुरडले, सरकार कचरले. पुढे फाराबुगूसारख्या वेढलेल्या गावांनी आपल्यापुरते करार केले, ते कधी टिकले, कधी मोडले. असे करार गावाला जिहाद्यांच्या नियमांखाली ठेवतात, बायकांवर त्याची किंमत चढते, हे विसरू नये. पण सप्टेंबर 2025 पासून जेएनआयएमने इंधनाचे टँकर जाळून बामाकोची नाकेबंदी केली, पेट्रोलसाठी रांगा लागल्या, दोन आठवडे देशभरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा बोलायचे की नाही हा प्रश्न राजधानीच्याच दारात आला. फरक इतका की आता बोलायचे तर कमजोर बाजूने, आणि मे 2025 मध्ये सगळे राजकीय पक्ष बरखास्त केलेल्या सरकारने, ज्याच्या मागे जनतेचे मत आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नाही.

हे लोण आता किनाऱ्याकडे सरकले आहे. बेनिनच्या उत्तरेला, अभयारण्याच्या जंगलात, 17 एप्रिल 2025 रोजी 54 सैनिक मारले गेले. सरकारने आधी 8 म्हटले आणि मग 54 मान्य केले. हा मान्य करण्याचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. पण 7 डिसेंबर 2025 रोजी बेनिनच्याच कोतोनू शहरात काही सैनिकांनी दूरदर्शन केंद्र ताब्यात घेऊन सत्तांतराची घोषणा केली, आणि त्यांनी वाचलेल्या कारणांत एक कारण ओळखीचे होते. उत्तरेत सुरक्षा ढासळते आहे आणि आघाडीवर पडलेल्या जवानांच्या कुटुंबांकडे कोणी पाहत नाही. नायजेरियाच्या मदतीने बंड मोडले गेले. महिन्याभराने, जानेवारी 2026 मध्ये, बेनिनमध्ये संसदेची निवडणूक झाली. 109 पैकी 109 जागा सत्ताधारी आघाडीच्या दोन पक्षांना गेल्या. त्या 54 जणांच्या घरच्यांना पेन्शन मिळाली का, उत्तरेतल्या ठाण्यांवर शिधा पोचतो का, हे संसदेत उठून विचारायला विरोधी बाकांवर एकही माणूस उरलेला नाही. छावण्यांमध्ये ते विचारले जातच राहील.